रंगकाम संपल्यावर ब्रश धुणे, वाळवणे आणि जपून ठेवणे

माळ्यावरच्या डब्यातून मागच्या दिवाळीचा ब्रश काढावा आणि तो फळकुटासारखा कडक निघावा, हा अनुभव घरच्या घरी रंग लावणाऱ्या बहुतेकांना एकदा तरी येतो. गंमत अशी, की हा ब्रश न धुता ठेवलेला नसतो. ठेवताना त्याची टोके मऊ असतात, शेवटचे पाणीही बऱ्यापैकी नितळ निघालेले असते, आणि तरीही तो वाया जातो, कारण ज्या जागी रंग खरोखर साठतो त्या जागेपर्यंत पाणी पोचलेलेच नसते. ती जागा म्हणजे केसांचे मूळ, म्हणजे केस जिथे पत्र्याच्या पट्टीत शिरतात तो अर्धा-पाऊण इंचाचा भाग. पुढे दिलेली सगळी कृती त्या मुळापर्यंत पोचण्याची आहे, हे एकदा लक्षात घेतले की कोणती पायरी घाईत गाळली तरी चालते आणि कोणती गाळून चालत नाही, हे नवशिक्यालाही कळू लागते.

चांगल्या ब्रशच्या पत्र्यात मधोमध लाकडाची किंवा प्लॅस्टिकची एक पातळ पाचर असते आणि तिच्यामुळे केसांच्या मधे थोडी पोकळी राहते. ही पोकळी मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यात रंग धरून राहतो म्हणूनच एकदा बुडवलेला ब्रश भिंतीवर हातभर चालतो. मात्र आत धरलेला हा रंग सहजासहजी बाहेरही पडत नाही. शिवाय केसाकेसांमधल्या बारीक फटींतून रंग केशाकर्षणाने वर चढत असतो, त्यामुळे आपण नुसती टोके बुडवली तरी काम संपेपर्यंत तो पत्र्याखाली गेलेला असतो. तिथे तो वाळला की केस मुळाशी एकमेकांना चिकटून फुगतात, टोके दोन बाजूंना फाकतात, आणि मग खिडकीच्या चौकटीची सरळ कड त्या ब्रशने मारता येत नाही.

पुण्यात कोथरूडच्या घरी मी खिडक्यांचे गज पहिल्यांदा स्वतः रंगवले, तेव्हा सोसायटीच्या जिन्यात एका वयस्कर रंगाऱ्यांचे काम चालू होते; त्यांना सगळे मामा म्हणत. धुतलेला ब्रश मी जरा कौतुकाच्या अपेक्षेने त्यांना दाखवला. ते म्हणाले, ‘‘दादा, टोकं काय दाखवताय? मुळात अंगठा दाबा.’’ मी दाबला, तर पत्र्याखालून तपकिरी रंगाचा दाट ओघळ निघून माझ्या मनगटापर्यंत आला. तेव्हापासून ब्रश स्वच्छ झाला की नाही हे ठरवण्याची माझी कसोटी तीच आहे, आणि या लेखातही तीच वापरली आहे.

रंग कोणता आणि केस कोणते

रंगाच्या डब्यावर तो पातळ करण्यासाठी काय घालावे हे छापलेले असते. ज्याने रंग पातळ होतो, त्यानेच तो ओला असेपर्यंत ब्रशमधून निघतो. भिंतींना लागणारे डिस्टेंपर, प्लॅस्टिक इमल्शन आणि पाण्यावरचा प्रायमर पाण्याने निघतात. लोखंडी गज, दारे आणि चौकटी यांना लागणारा इनॅमल, म्हणजे आपण ज्याला ऑइल पेंट म्हणतो तो, आणि तेलाचे वॉर्निश यांना मिनरल टर्पेंटाईन लागते. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते, तर लॅकरला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लागतो. दोन भाग मिसळून वापरायची पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशे मिसळल्याबरोबर रासायनिक क्रियेने घट्ट होऊ लागतात; त्यांचा ब्रश डब्यावर सांगितलेल्या थिनरने लगेच धुतला तर ठीक, एरवी त्यावर इलाज नाही. अशा कामाला स्वस्तातला ब्रश घेऊन तो त्याच कामापुरता समजावा, असे माझे मत आहे.

‘ओला असेपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. इमल्शनमध्ये प्लॅस्टिकसदृश पदार्थाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा बनतो आणि तो पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. ऑइल पेंटचे वाळणे वेगळे असते. त्यातले टर्पेंटाईन आधी उडते आणि नंतर तेलाचा अंश हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतो, त्यामुळे पूर्ण वाळलेल्या ऑइल पेंटवर कितीही टर्पेंटाईन ओतले तरी ते वाया जाते. पुण्यात मार्च ते मे या कोरड्या दिवसांत इमल्शनचा ब्रश पंख्याखाली नुसता पडला तरी पाऊण तासात त्याच्या कडेचे केस कडक झालेले मी पाहिले आहेत. पावसाळ्यात जरा सवड मिळते, पण तिच्यावर विसंबू नये.

केसांचे प्रकार मुख्यतः दोन आहेत. डुकराच्या केसांच्या ब्रशला नैसर्गिक केसांचा ब्रश म्हणतात. त्या केसांची टोके निसर्गतःच दुभंगलेली असल्यामुळे ऑइल पेंट त्याने फार छान पसरतो, पण हे केस पाणी शोषून मऊ पडतात, म्हणून इमल्शनसाठी नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे कृत्रिम केस बरे. कृत्रिम केसांना अतिगरम पाणी सोसत नाही, ते वाकतात आणि वाकलेलेच राहतात. नैसर्गिक केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखेच केराटिनचे असतात आणि अल्कलीने झिजतात. चुन्याची सफेदी करायला केसांचा ब्रश न वापरता वनस्पतीच्या तंतूंचा कुंचा वापरतात, तो याच कारणाने. आणि कपडे धुण्याच्या पावडरीत किंवा सोड्याच्या पाण्यात नैसर्गिक केसांचा ब्रश भिजवू नये, तेही याच कारणाने.

ब्रश घेताना एक पाहावे. पुण्याच्या बोहरी आळीतल्या दुकानात काउंटरवर ढिगाने ब्रश पडलेले असतात. त्यांपैकी हातात घेतलेल्याचे केस पंख्यासारखे फाकवून मूळ बघावे. मधली पाचर फार जाड आणि केस विरळ असतील, तर तो ब्रश नुसता भरघोस दिसतो. दोन धुण्यांत त्याचे केस भिंतीवर उतरू लागतात.

रंग लावण्याआधीच करायची गोष्ट

ब्रश धुणे खरे तर रंगाचा डबा उघडण्याआधी सुरू होते, आणि बहुतेक मंडळी हीच पायरी गाळतात. कोरडा ब्रश थेट रंगात बुडवला, तर रंगाचा पहिला घोट मुळापर्यंत जातो आणि दिवसभर तिथेच वाळत बसतो. म्हणून इमल्शन लावायचे असेल तर ब्रश आधी पाण्यात, आणि ऑइल पेंट लावायचा असेल तर टर्पेंटाईनमध्ये पत्र्यापर्यंत बुडवावा, मग फडक्याने टिपून आणि झटकून घ्यावा. मुळातल्या फटी आधीच भरलेल्या असल्या की रंगाला वर चढायला जागा कमी उरते. नव्या ब्रशचे सुटे केसही याच वेळी तळहातावर घासून काढून टाकावेत. काम करताना केसांचा खालचा तिसरा हिस्साच रंगात बुडवावा, फार तर निम्मा.

आणखी एक स्थानिक सूचना. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी पाणीपुरवठा बहुधा गुरुवारी बंद ठेवतात. इमल्शनचे काम त्या दिवशी काढायचे असेल, तर दोन बादल्या आधी भरून ठेवाव्यात. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यामुळे शेवटच्या धुण्यापुरते तरी नळाचे पाणी राखून ठेवलेले चांगले.

पाण्यावरच्या रंगाचा ब्रश

पहिली पायरी पाण्याची नाही, कागदाची आहे. ब्रशच्या दोन्ही बाजू डब्याच्या कडेवर निपटून घ्याव्यात आणि मग जुन्या वर्तमानपत्रावर दाबून दाबून ब्रश ओढावा. मुळापाशी पत्री, म्हणजे रंगाऱ्यांची पातळ पात्याची खरवडणी, आडवी धरून टोकाकडे हलकेच ओढली की आतला बराच रंग निघतो आणि तो डब्यात परत टाकता येतो. जितका रंग इथे निघेल तितके पाणी पुढे वाचते.

दुसऱ्या पायरीला ड्राय बाल्कनीत बादलीत साधे पाणी घेऊन ब्रश त्यात खालीवर हलवावा, पण केस तळाशी चेपू नयेत. पाणी दुधासारखे झाले की ब्रश बाहेर काढून निपटावा. नळाखाली धरायचा असेल तर केस खाली आणि मूठ वर अशाच स्थितीत धरावा. ब्रश उलटा धरून केसांवर जोरात धार सोडली, तर सुटलेला रंग पाण्याबरोबर थेट पत्र्यात शिरतो, आणि आपण रंग काढत असल्याच्या समाधानात तो आत भरत बसतो.

तिसरी पायरी हाताची आहे आणि तिला घाई चालत नाही. भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे चार थेंब किंवा अंगाचा साबण तळहातावर घ्यावा, ब्रश त्यावर गोल फिरवावा, आणि मग दोन्ही अंगठ्यांनी मुळातला भाग चोळावा. केस फाकवून मधल्या पाचरीपर्यंत बोट घालावे. यानंतर जुना, जाड दातांचा कंगवा मुळापासून टोकाकडे फिरवावा. उलटा फिरवला तर केस तुटतात. कंगव्याबरोबर तांदळाच्या कणीएवढे रंगाचे बारीक गोळे बाहेर येतात, आणि ते येत आहेत तोवर ब्रश स्वच्छ झालेला नाही. साबण, चोळणे, कंगवा आणि धुणे हा क्रम तीन इंची ब्रशला साधारणपणे तीन वेळा करावा लागतो.

त्यानंतर मामांची कसोटी. ब्रश झटकून पांढऱ्या कागदावर आडवा ठेवावा आणि पत्र्याला लागून अंगठ्याने जोरात दाबावे. कागदावर नुसते पाणी उतरले तर काम झाले. रंगीत ओल उतरली तर पुन्हा साबण.

ऑइल पेंटचा ब्रश

इथे तीन लहान डबे लागतात; लोणच्याच्या काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्या उत्तम. पत्र्यापर्यंत केस बुडतील एवढेच टर्पेंटाईन प्रत्येकात घ्यावे. काम सुरू करण्यापूर्वी घरातील गॅस, देवघरातले निरांजन आणि उदबत्ती विझलेली असल्याची खात्री करावी, खिडक्या उघडाव्यात आणि हातात रबरी मोजे घालावेत. टर्पेंटाईनची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते, त्यामुळे बंद न्हाणीघरात हे काम करू नये.

आधी कागदावर ब्रश निपटावा, वर सांगितल्याप्रमाणेच. मग पहिल्या डब्यात ब्रश बुडवून तळाला न टेकवता हलवावा, बाहेर काढून डब्याच्या कडेवर मुळापासून दाबत निपटावा आणि फडक्याने पुसावा. हेच दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यात करावे. पहिला डबा बहुतेक सगळा रंग घेतो, दुसरा राहिलेला घेतो, तिसरा जवळजवळ नितळ राहतो. एकाच डब्यात तिप्पट टर्पेंटाईन घेतले तर असे होत नाही, कारण ब्रश शेवटपर्यंत त्याच गढूळ द्रवात बुडत राहतो. तिसऱ्या डब्यानंतर अंगठ्याची कसोटी घ्यावी, आणि तिला उतरल्यावर कोमट पाणी व साबण यांनी ब्रश धुवावा. साबणाची ही पायरी पुष्कळ जण सोडून देतात; पण टर्पेंटाईन उडून गेल्यावर मागे तेलाचा जो पातळ थर उरतो, तोच पुढे केस चिकट करतो.

वापरलेले टर्पेंटाईन ओतून देऊ नये. तिन्ही डब्यांतले एका बरणीत भरून झाकण घट्ट लावावे आणि बरणी उन्हापासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. दोन-चार दिवसांत रंगाचा गाळ तळाशी बसतो. वरचे पिवळसर, पारदर्शक टर्पेंटाईन हलक्या हाताने दुसऱ्या बरणीत काढून घेतले की पुढच्या वेळी पहिल्या डब्यासाठी ते चालते. बरणीवर नाव चिकटवणे आवश्यक आहे, कारण असे नितारलेले टर्पेंटाईन दिसायला तेलासारखे दिसते.

हाताला लागलेला ऑइल पेंट काढायला टर्पेंटाईन वापरू नये, त्याने कातडी कोरडी पडून भेगाळते. खोबरेल तेल चोळून दोन मिनिटे थांबावे, फडक्याने पुसावे आणि साबणाने हात धुवावेत.

वाळवणे आणि ठेवणे

धुतलेला ब्रश रिकाम्या बादलीच्या आत उभा धरावा आणि ताक घुसळताना रवी फिरवतात तशी त्याची मूठ दोन्ही तळहातांमध्ये भराभर फिरवावी. मुळातले पाणी यानेच बाहेर फेकले जाते. नुसत्या झटकण्याने ते जात नाही. बादलीच्या आतच फिरवावे हे मी समोरच्या भिंतीवर ठिपके उडवून शिकलो.

केस बोटांनी सारखे करून, टोकाला निमुळता आकार देऊन, ब्रश केस खाली येतील असा टांगावा. पेल्यात मूठ खाली आणि केस वर असा उभा केलेला ब्रश दिसायला छान दिसतो, पण त्यातले पाणी उतरत जाऊन पत्र्यात मुरते, लाकडी मूठ फुगते, वाळल्यावर आकसते आणि पत्रा सैल होतो. पत्र्याला गंज चढतो तो निराळाच. मुठीला भोक असेल तर दोरीला अडकवावा, नसेल तर कपडे वाळवायच्या चिमट्याने टांगावा. कडक उन्हात ठेवू नये.

ब्रश अजून किंचित दमट असतानाच तो कागदात गुंडाळणे ही माझ्या मते सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त उपयोगाची पायरी आहे. वाणी बांधतो तशा पुडीसारखा जाडसर खाकी कागद पत्र्यापासून केसांच्या टोकांपुढे बोटभर जाईल असा गुंडाळावा, पुढचा मोकळा कागद दुमडावा, आणि पत्र्यावर दोरा सैलसर बांधावा. दुमड केसांवर येता कामा नये. कागद ओल शोषून घेतो आणि केस वाळताना फाकत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट ब्रश बांधू नये. पावसाळ्यात तर त्यावर हमखास बुरशी येते, आणि जून ते सप्टेंबर या काळात टांगलेला ब्रश मुळापर्यंत वाळायला दोन-तीन दिवस लागतात हे गृहीत धरावे.

नैसर्गिक केसांच्या ब्रशना कसर लागते, जशी ती लोकरीच्या कपड्यांना लागते. डब्यात डांबरगोळी टाकली की पुरते. मुठीवर पेन्सिलीने ‘पाणी’ किंवा ‘तेल’ लिहून ठेवावे आणि एकदा ऑइल पेंटला वापरलेला ब्रश पुन्हा इमल्शनला वापरू नये.

काम दुसऱ्या दिवशी चालू ठेवायचे असेल तर

प्रत्येक विश्रांतीला पूर्ण धुणे गरजेचे नाही. जेवणापुरते थांबायचे असेल तर ब्रश प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, पत्र्यावर रबरबँड लावावा. रात्रभर थांबायचे असेल आणि रंग ऑइल पेंट असेल, तर रंगारी ब्रश चक्क पाण्यात ठेवतात. पाण्याखाली ऑक्सिजन फारसा पोचत नसल्यामुळे रंग घट्ट होत नाही. सकाळी ब्रश झटकून आणि फडक्यावर पूर्ण टिपून घ्यावा. एका रात्रीपुरते हे ठीक आहे, आठवडाभर नाही. पाण्यात असो की टर्पेंटाईनमध्ये, ब्रश स्वतःच्या केसांवर उभा राहू देऊ नये, नाहीतर केस हॉकीच्या काठीसारखे वाकतात. मुठीच्या भोकातून तार घालून ती डब्याच्या काठांवर आडवी टेकवली की केस अधांतरी राहतात.

रोलरबद्दल थोडक्यात: पत्रीने दाबून रंग काढावा, बाही, म्हणजे रोलरवरची मऊ नळी, दांड्यावरून उतरवून वाहत्या पाण्यात पिळत धुवावी आणि उभी वाळवावी. ऑइल पेंटची रोलरची बाही धुवायला जेवढे टर्पेंटाईन लागते तेवढ्या पैशांत नवी बाही येते, त्यामुळे ती धुण्याच्या भानगडीत पडू नये.

कडक झालेला ब्रश

इमल्शनने कडक झालेला कृत्रिम केसांचा ब्रश पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवून पाहावा. व्हिनेगर गरम करून, पण उकळते नव्हे, वापरले तर पापुद्रा लवकर मऊ होतो. मग कंगवा आणि साबण. ऑइल पेंटने कडक झालेल्याला दुकानात मिळणारे पेंट रिमूव्हर लागते. ते झणझणीत असते, मोजे आणि उघडी हवा यांशिवाय त्याला हात लावू नये, आणि प्लॅस्टिकच्या मुठीला ते लागू देऊ नये. वाळलेला जुना रंग कोरडा खरवडू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम 2016 मध्ये झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते.

मुळातच दगड झालेला ब्रश सोडून द्यावा. मी अशा एका ब्रशने खिडक्यांच्या खाचांतली धूळ झाडतो.

गाळ, फडकी आणि रिकामे डबे

इमल्शनचे पहिले गढूळ पाणी मोरीत ओतण्याऐवजी बादलीत तसेच रात्रभर ठेवावे, तळाशी बसलेला गाळ वर्तमानपत्रावर काढून वाळवावा आणि वरचे पाणी ओतावे. टर्पेंटाईन मात्र थेंबभरही मोरीत जाऊ नये. ते ड्रेनेजमध्ये ज्वलनशील वाफ सोडते, आणि शहरातले सांडपाणी अखेरीस मुळा-मुठेच्याच वाटेला लागते.

ऑइल पेंट, वॉर्निश आणि विशेषतः जवसाचे तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, बोळ्यात ती कोंडते, आणि असे फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळू द्यावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवावीत. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांप्रमाणे रंगाचे टाकाऊ डबे वेगळे द्यायचे असतात, म्हणून ते ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत बांधावेत. सकाळी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई कचरा घ्यायला आल्या की पिशवी दारात नुसती ठेवून न देता आत काय आहे ते त्यांना तोंडी सांगावे, कारण पुढे कचरा वेगळा करताना ती पिशवी त्यांनाच हाताने उघडावी लागते.